आगाऊ कळवलेली संकटं

महाभारतातल्या सहदेवाबद्दल आपल्याकडे एक गोष्ट सांगतात. त्याला पुढचं सगळं दिसायचं, पण कोणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्याच्यावर बंधन होतं. द्यूताच्या दिवशी त्याला कोणी विचारलं नाही, आणि पुढचं रामायण म्हणजे महाभारत झालं. ही गोष्ट ऐकली की कोणालाही हळहळ वाटते. अरे, एकानं तरी विचारायचं होतं! मलाही बरीच वर्षं तसंच वाटे. आता वाटत नाही. 'इन्टू द ब्रीच' नावाचा एक व्हिडिओ गेम खेळायला लागल्यापासून माझी अशी खात्री झाली आहे की विचारलं असतं तरी सहदेव फार तर एवढंच म्हणाला असता, "दादा, सांगतो, पण तुला ते आवरायचं नाही."

आमच्या वयाच्या माणसानं संध्याकाळी नाट्यसंगीत ऐकावं, ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन रक्तदाबाच्या गोळ्यांची तुलना करावी, गेला बाजार बातम्या बघून सरकारला नावं ठेवावीत, अशी रीत आहे. व्हिडिओ गेम त्यात बसत नाही. तो माझ्या लॅपटॉपवर घातला माझ्या भाचीनं. "मामा, ह्यात घाई नाही. बोटं भराभर चालवावी लागत नाहीत. नुसतं बसून विचार करायचा. तुझ्यासाठीच केलाय बघ." नुसतं बसणं हा माझा गुण कुटुंबात इतका सर्वमान्य आहे, हे मला तेव्हा कळलं.

खेळ केलाय जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस ह्या दोघांनी. दोघं शांघायमध्ये एका मोठ्या गेम कंपनीत नोकरीला होते. ती सोडून त्यांनी 'सबसेट गेम्स' ही आपली छोटीशी कंपनी काढली. 2012 साली 'एफटीएल' नावाचा एका अवकाशयानाचा खेळ काढला, तो बघता बघता गाजला. मग लोक म्हणाले, दुसरा भाग काढा. ह्यांनी तो काढला नाही. चारेक वर्षं घालवून फेब्रुवारी 2018 मध्ये हा दुसराच खेळ बाहेर आणला, आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये डावपेचांच्या खेळाचं बक्षीस घेऊन गेले. कल्पना कुठून आली ते त्यांनी सांगितलंय, आणि मला ते फार आवडलं. हल्लीच्या सिनेमांत महाकाय यंत्रं आणि महाकाय राक्षस शहरात कुस्ती खेळतात. त्यात पन्नास-पन्नास मजली इमारती पत्त्यासारख्या कोसळतात, शेवटी राक्षस मरतो आणि नायक हसतो. त्या इमारतींत कोणी राहत होतं का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ह्या दोघांनी विचारला. इमारत पडली की आपण हरायला लागतो, असा खेळ केला तर?

गोष्ट अशी. भविष्यकाळ आहे. समुद्र चढून जग बुडालंय आणि चार बेटं तेवढी उरली आहेत. त्या बेटांवर सरकार नाही, चार कंपन्या आहेत. (हे भविष्य आहे, असं खेळ म्हणतो.) पहिल्या बेटावर जुन्या जगाच्या आठवणी जपून ठेवल्या आहेत, दुसरं वाळवंट आहे, तिसऱ्यावर बर्फ आणि यंत्रमानव. चौथ्यावर साऱ्या जगाचा कचरा येतो आणि जमिनीवर आम्लाची डबकी साचलेली असतात. ह्या चौथ्या बेटाचा प्रमुख कोण असावा? विक्रम सिंग. जग बुडालं, खंड गेले, भाषा गेल्या, पण कचऱ्याचं खातं आपल्याच माणसाकडे आलं. मी त्या बेटावर जरा जास्त जीव तोडून लढतो.

बेटांवर जमिनीखालून 'व्हेक' नावाचे कीटक निघतात. कीटक म्हणजे दुमजली बंगल्याएवढे. त्यांच्याशी लढायला आपल्याकडे तीन अवाढव्य यंत्रं, प्रत्येकात एक चालक. हे चालक भविष्यातून मागे आलेले असतात, कारण भविष्यात सगळं संपलेलं असतं. लढाईचं मैदान आठ बाय आठ घरांचं. बुद्धिबळाचा पट तेवढाच आणि त्याच्या आधीचं आपलं अष्टापदही तेवढंच, तेव्हा चौसष्ट घरांत माणसाचा जीव पुरेसा टांगता ठेवता येतो हे जुनंच ज्ञान आहे. त्या चौसष्ट घरांत डोंगर, पाणी, जंगल आणि लोकांच्या वस्त्या. बहुतेक लढाया चार-पाच पाळ्यांत संपतात. मी एकेका पाळीला पाऊण तास घेतो, तो भाग वेगळा.

आता खरी गंमत. बुद्धिबळात समोरचा काय करणार हे ओळखण्यातच निम्मा खेळ असतो. त्यासाठी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, तो नाक कधी खाजवतो ते लक्षात ठेवायचं. इथे तशी काही भानगडच नाही. व्हेक आधी आपापल्या जागी जाऊन उभे राहतात आणि जाहीर करतात : मी ह्या इमारतीवर हल्ला करणार आहे, मी त्या यंत्रावर, आणि मी ह्या रांगेत थुंकणार आहे. जमिनीवर लाल खुणा उमटतात. कोणाचा हल्ला आधी, कोणाचा नंतर, ह्याचेसुद्धा क्रमांक दिसतात. पुढच्या पाळीला नवे कीटक कुठल्या भोकांतून निघणार, तेही आधीच दिसतं. एवढं सगळं सांगून ते थांबतात. आता तुमची पाळी. हवा तेवढा वेळ घ्या. म्हणजे खेळात दर पाळीला तुम्ही सहदेव असता, वर तुमच्याकडे तीन यंत्रं आहेत आणि तुमच्यावर बोलायचं बंधनही नाही. तरी हरता.

एक पाळी सविस्तर सांगतो, त्याशिवाय हे कळायचं नाही. पटाच्या डाव्या बाजूला 'फायरफ्लाय' नावाचा एक व्हेक उभा आहे. हा सरळ रेषेत थुंकतो, आणि रेषेत जे पहिलं येईल त्याला ते लागतं. त्याच्या रांगेच्या उजव्या टोकाला वस्ती आहे. त्याच्या खालच्या रांगेत, तिकडे उजवीकडेच, एक हॉर्नेट घोंघावतो आहे आणि खाली शेजारच्याच इमारतीत नांगी खुपसायच्या तयारीत आहे. वर कोपऱ्यात स्कॅरब. तो लांबून, सगळ्यांच्या डोक्यावरून, तिसऱ्या इमारतीवर गोळा टाकणार. शिवाय एका घरात जमीन भेगाळली आहे, म्हणजे पुढच्या वेळी तिथून आणखी एक पाहुणा येणार. चार संकटं आणि यंत्रं तीन. हिशेब पहिल्यापासूनच चुकलेला असतो.

पहिला विचार येतो तो फायरफ्लायला मारून टाकण्याचा. त्याला तीन घाव लागतात आणि माझ्या तोफेच्या यंत्राचा गोळा एकच घाव घालतो. म्हणजे तो मरत नाही. पण तोफेचा गोळा लागला की समोरचा एक घर मागे ढकलला जातो. वरच्या बाजूनं गोळा मारला तर फायरफ्लाय एक रांग खाली सरकेल. सरकला तरी त्याचा निर्धार ढळत नाही. त्याचं तोंड जिकडे होतं तिकडेच राहतं आणि तो ठरल्याप्रमाणे थुंकतो, फक्त आता नव्या रांगेत. आणि नव्या रांगेत कोण आहे? हॉर्नेट! हॉर्नेटचे जीव दोन. थुंकीनं एक जाईल. दुसऱ्यासाठी माझ्या तिसऱ्या यंत्राचा, म्हणजे उखळी तोफेचा, एक गोळा आधीच त्याच्या डोक्यात घालून ठेवायचा. आता क्रमांक बघायचे. फायरफ्लाय पहिला, हॉर्नेट दुसरा. म्हणजे हॉर्नेट नांगी उगारेपर्यंत त्याच्याच भाऊबंदानं त्याचा निकाल लावलेला असेल. दोन वस्त्या वाचल्या, एक शत्रू गेला आणि तोही शत्रूच्याच हातून. हे सुचतं तेव्हा खुर्चीत बसून नाना फडणवीस झाल्यासारखं वाटतं.

मग आठवतं की स्कॅरब आणि ते भोक अजून शिल्लक आहे, आणि यंत्र उरलंय एकच. मुठीनं ठोसे मारणारं. ते स्कॅरबपर्यंत गेलं तर एका ठोशात त्याला लोळवेल, पण मग भोकातून नवा कीटक बाहेर येईल. उलट ते भोकावर जाऊन उभं राहिलं तर खालचा कीटक खालीच अडकतो (यंत्राला एक घाव बसतो, पण तो सोसता येतो), मात्र स्कॅरबचा गोळा इमारतीवर पडतो. दोन्ही घरं एकमेकांपासून लांब. मी गालाला हात लावून बसलो. मागे आमची सौ. टॉवेलच्या घड्या घालत होती. "अहो, घर वाचवा आधी. नवा येईल त्याचं उद्या बघू." मी स्कॅरबला लोळवलं. नवा आला. त्याचं दुसऱ्या दिवशी बघितलं, आणि ते बघणं काही चांगलं झालं नाही. पण सल्ला त्या वेळेपुरता बिनतोड होता.

ह्या खेळात मारण्यापेक्षा सरकवण्याला महत्त्व आहे, हे ध्यानात यायला वेळ लागतो. वन रूम किचनमध्ये संसार केलेल्यांना लवकर येतं. कपाट उघडायचं तर पलंग सरकवायचा, पलंग सरकवायचा तर शिवणयंत्र उचलून दारात ठेवायचं, आणि ते दारात असेपर्यंत पाहुणा आला तर त्यानं जिन्यात उभं राहायचं. तसंच हे. उडणारा नसेल तर व्हेकला पाण्यात ढकललं की तो बहुधा बुडतो, डोंगरावर आपटलं की त्याला लागतं, दुसऱ्या व्हेकवर आपटलं की दोघांना लागतं. इमारतीवर आपटलं तर त्यालाही लागतं आणि इमारतीलाही, आणि आतली माणसं जातात ती तुमच्या नावावर. कित्येकदा एखादा जबरदस्त राक्षस तसाच सोडून देणं शहाणपणाचं असतं, कारण त्याचा हल्ला मोकळ्या जमिनीवर वळवलेला आहे. करू दे बापडा. मोकळ्या जागेत कोणी कितीही आदळआपट केली तरी आपण लक्ष द्यायचं नाही, हे धोरण घराघरांत पाळलं जातंच.

आणखी एक हिशेब नीट समजायला हवा. यंत्रं मोडली तर लढाई संपल्यावर दुरुस्त होऊन मिळतात. (आतला चालक मेला तर मात्र तो परत येत नाही.) इमारतींचं तसं नाही. प्रत्येक पडझडीगणिक विजेच्या जाळ्याचा एक खण विझतो. खण जास्तीत जास्त सात, आणि तेच बेटागणिक, लढाईगणिक पुरवायचे. ते शून्यावर आले की खेळ खलास. तेव्हा काहीच सुचेनासं झालं की आपलं यंत्र गोळ्याच्या वाटेत आडवं घालायचं. घाव आपण खायचा, वस्ती वाचवायची. तुमची स्वतःची कातडी ही ह्या पटावरची सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. नायकाची अशी किंमत करणारा दुसरा खेळ मी तरी बघितलेला नाही.

वस्तीतली माणसंही अधूनमधून बोलतात. इमारतींवर छोटे फुगे येतात. यंत्रं आली, आता आपण वाचलो, अशा अर्थाचं काहीतरी त्यात असतं. ते वाचून मला घाम फुटतो. त्यांना कसं सांगणार की यंत्रं आली आहेत हे खरं, पण ती चालवतोय एक निवृत्त हेडक्लार्क, आणि तुमच्या इमारतीचं नाव त्यानं मघाशीच 'नाइलाजास्तव' ह्या रकान्यात टाकलंय?

ह्या खेळानं माझी सगळ्यात मोठी पंचाईत केली ती नशिबाच्या बाबतीत. आपल्याकडे पत्ते खेळताना हातात पानंच वाईट येतात. क्रिकेटमध्ये नाणं उलटं पडतं आणि मग दव पडतं. मुलाला मार्क कमी पडतात कारण पेपर अवघड निघाला. लग्न जमत नाही, योग नाही. नोकरीत बढती मिळत नाही, साडेसाती चालू आहे. ह्या सगळ्या सोयी पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत आणि त्यांच्याशिवाय माणूस जगेल कसा, मला सांगता येणार नाही. ह्या खेळात त्या जवळजवळ सगळ्या काढून घेतल्या आहेत. माझा गोळा लागेल की नाही, असा प्रश्नच नाही. नेम धरला की लागणार. किती घाव बसेल ते आधी लिहून येतं. शत्रू कुठे उभा राहील आणि कुठून निघेल ह्यात दैवाचा भाग आहे, पण ते दैव आपल्या खेळीच्या आधी येऊन, आपले कागद दाखवून बाजूला उभं राहतं. आपली खेळी झाल्यावर फासे पडत नाहीत. शकुनीला ह्या खेळात नोकरी मिळाली नसती.

नशिबाची एकच फट ठेवली आहे. इमारतीवर हल्ला झाला तरी ती त्यातून सुखरूप राहण्याची थोडीशी शक्यता असते. सुरुवातीला पंधरा टक्के. ही शक्यता खेळ लपवत नाही, आकडा समोर लिहून ठेवतो. शंभरात पंधरा म्हणजे भरवसा ठेवण्याइतकी जास्त नाही आणि विसरून जाण्याइतकी कमीही नाही. ज्यानं कोणी हा आकडा ठरवला त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे. खरा खेळाडू त्या पंधरा टक्क्यांकडे बघत नाही, सगळं संपल्यावर फुकट मिळालं तर घेतो. मी सगळ्यात आधी तिकडेच बघतो. एका संध्याकाळी शेवटचा खण उरलेला असताना व्हेकनं घाव घातला आणि इमारत हलली नाही. मी ओरडलो. सौ. धावत आली, प्रकार समजून घेतला आणि शांतपणे म्हणाली, "संकष्टी आहे आज. उपास कोणाचा आहे?" उपास तिचा होता. तेव्हापासून आमच्याकडे ह्या पंधरा टक्क्यांचं श्रेय कोणाकडे जातं ह्यावर चर्चा होत नाही.

हरलं की पुन्हा पहिल्यापासून आणि दर वेळी मांडणी नवी, अशा ह्या जातीच्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे 1980 च्या सुमाराचा 'रोग' हा खेळ. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन ही दोन पोरं तेव्हा कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात शिकत होती. त्या काळच्या साहसकथांच्या खेळांत एक मोठी खोट होती. एकदा कोडं सुटलं की संपलं, परत खेळायला काही राहत नाही, आणि ज्यानं खेळ लिहिला त्याला तर पहिल्यापासूनच काही नवल नसतं. ह्यांना लिहिणाऱ्यालाही चकवेल असा खेळ हवा होता. म्हणून त्यांनी दर वेळी तळघर नव्यानं रचणारा प्रोग्रॅम लिहिला. चित्रं नव्हतीच. पडद्यावर नुसती अक्षरं. ए पासून झेडपर्यंत सव्वीस अक्षरं म्हणजे सव्वीस राक्षस, आणि आपण म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह. सव्विसाव्या मजल्याच्या आसपास एक ताईत असतो, तो घेऊन वर यायचं. आणि मेलात की मेलात. खेळ अर्ध्यावर ठेवून उद्या पुढे खेळता येई, पण मेल्यावर जुन्या जागी परत येऊन दुसरा रस्ता धरता येत नसे. पुन्हा पहिल्या मजल्यापासून, आणि तोही वेगळ्याच रचनेचा. बर्कलेच्या युनिक्सबरोबर हा खेळ विद्यापीठा-विद्यापीठांत पोचला, आणि सरकारी खर्चानं आलेल्या संगणकांवर काय काय संशोधन झालं असेल ह्याची आपण कल्पना करू शकतो.

'इन्टू द ब्रीच'नं ती परंपरा चालवली आहे, पण तिला कथेचं एक अस्तर लावलंय, आणि आपल्याकडच्या माणसाला ते अस्तर पाहिल्यावर घरी आल्यासारखं होतं. हरलात तर तुम्ही मेलात असं खेळ म्हणत नाही. हा काळप्रवाह गेला, म्हणतो. वाचलेल्यांपैकी एका चालकाला घ्या आणि दुसऱ्या काळात जा, तिथे बेटं अजून शाबूत आहेत. त्या चालकानं आतापर्यंत कमावलेलं कसब त्याच्याबरोबर येतं, बाकी सगळं इथेच टाकायचं. ह्यात अमेरिकन माणसाला विज्ञानकथा दिसत असेल. मला तर चक्क संचित दिसलं. चालकाबरोबर आलं ते संचित, जमिनीतून कुठले किडे कुठे निघतील ते प्रारब्ध, आणि मी जी खेळी करीन ते क्रियमाण. कीर्तनकारबुवा जे एकादशीला दोन तास समजावून सांगतात आणि तरी समजत नाही, ते इथे वीस मिनिटांत अंगावर येतं. मोक्षाची व्यवस्था मात्र ह्यांनी केलेली नाही. जिंकलात, म्हणजे शेवटच्या लढाईत ज्वालामुखीच्या पोटात बॉम्ब फुटला, बेटं वाचली, तरी चालक थांबत नाहीत. दार उघडून पुढच्या काळात जातात, कारण तिथेही व्हेक आहेतच. भाषण नाही, शाल-श्रीफळ नाही आणि पेन्शनही नाही.

मागे सोडलेल्या काळातल्या लोकांचं काय होतं, हा प्रश्न मी भाचीला विचारला. ती म्हणाली, "मामा, ते पिक्सेल आहेत." मी म्हटलं, असतील. पण फुग्यांतून बोलत होते.

खेळात दयाबुद्धी अगदीच नाही असं नाही. यंत्र नुसतं हलवलं असेल आणि अजून हल्ला केला नसेल, तर हवं तितक्या वेळा मागे घेता येतं. शिवाय प्रत्येक लढाईत एकदा, फक्त एकदाच, अख्खी पाळी पुसून पहिल्यापासून खेळता येते. कथा काळप्रवासाची असल्यामुळे हे शोभतंही. ह्या एका संधीशी लोक कसे वागतात ते बघण्यासारखं असतं. भाची ती पहिल्याच पाळीत उडवून टाकते. "आहे तर वापरायची." आमच्या पिढीला ते जमत नाही. पुढे खरी अडचण आली तर? म्हणून ती राखून ठेवायची. दुसऱ्या पाळीत एक इमारत पडते, ठीक आहे. तिसरीत आणखी एक, हरकत नाही, संधी अजून हाताशी आहे. पाचव्या पाळीला लढाई संपते, व्हेक जमिनीत परत जातात, संधी तशीच्या तशी कोरी शिल्लक राहते आणि पुढच्या लढाईत जुनी जमा होत नाही. बँकेत असा नियम असता तर आम्ही मोर्चा काढला असता.

सौ. अजून स्वतः माउसला हात लावत नाही, पण सल्लागार मंडळावर तिची कायमची नेमणूक झाली आहे. तिची पद्धत माझ्यापेक्षा वेगळी आहे. मी कोणता व्हेक कसा मारायचा ते बघतो. ती आधी पाणी कुठे आहे ते बघते. "त्याला पाण्यात ढकला की." बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं आणि मला ते तीन शक्यता तपासल्यावर पटतं. काही लढायांत एक मालगाडी पटावरून जात असते. तिला सांभाळायचं असतं. ती दर पाळीला आपली पुढे सरकते आणि वाटेत काही आडवं आलं की अपघात. त्या दिवशी सौ. टॉवेल बाजूला ठेवून खुर्ची ओढून बसते. तिचे वडील रेल्वेत होते. गाडी वेळेवर आणि धडपणे गेली पाहिजे, मग विक्रम सिंगचा कारखाना राहो नाहीतर जावो.

खेळ करणाऱ्यांनी एका व्याख्यानात सांगितलंय की पडद्यावर स्पष्ट दाखवता येत नाही अशी कितीतरी हत्यारं आणि कल्पना, चांगल्या असूनही, त्यांनी काढून टाकल्या. खेळणाऱ्याला समजलंच नाही तर तो नशिबाला दोष देणार, आणि ती वाट तर बंद करायची होती. हे वाचल्यावर माझा आदर वाढला. आपल्याकडे विम्याची कागदपत्रं लिहिणाऱ्यांना ह्यांच्याकडे सहा महिने पाठवावं, असंही मनात येऊन गेलं.

आता कोणी विचारतं की ह्या वयात एवढा त्रास करून घेऊन मिळतं काय. काही मिळत नाही. बुद्धी तल्लख होते, विस्मरण लांबतं वगैरे जे छापून येतं त्याचा मला अनुभव नाही. चष्मा कुठे ठेवला ते अजूनही सापडत नाही. पण चारी बाजूंनी घेरलेलं असताना, कुठेच वाट नाही असं दहा मिनिटं बघितल्यावर, अकराव्या मिनिटाला अचानक एक वाट दिसते. ती पहिल्यापासून तिथेच असते, समोर, चौसष्ट घरांत उघड्यावर. ते दिसण्याचं सुख मोठं आहे. अर्थात कधी कधी वाट खरोखरच नसते. तेव्हा कुठली इमारत द्यायची ते ठरवायचं आणि यंत्र हलवायचं.

हौस असेल तर जरूर खेळा. मार मी मी म्हणणाऱ्यांनाही बसतो, पण खेळ फसवत नाही. आधी सोपी पातळी घ्या, त्यात कमीपणा नाही. पहिलं बेट निवडायची कटकट नाही, सुरुवातीला एकच उघडं असतं. चारही बेटं जिंकायचा हट्ट धरू नका. दोन सांभाळली की ज्वालामुखीकडे जाता येतं आणि पहिल्यांदा तेवढंच जमलं तरी पुष्कळ. पाळी पुसायची संधी शिल्लक ठेवू नका. आणि लॅपटॉपवर खेळत असाल तर आल्टची कळ दाबून धरा, म्हणजे कोणाचा हल्ला कितवा ते दिसतं. निम्म्या इमारती त्या एका कळीनं वाचतात.